मेणावरचा ठसा

बाप इतवारीत चाव्या करायचा.
फुटपाथवर पोतं, कानस, डबीत मेण.
गिऱ्हाईक चावी घेऊन वळलं की
मेणावरचा ठसा अंगठ्यानं पुसून टाकायचा.
"चावी त्याची झाली," म्हणायचा,
"माह्याजवळ तिची आठवण कायले पाह्यजे?"

मी भिंतींना भोकं पाडतो.
फायबर आत घेतो, पांढरा डबा खिळ्याला टांगतो,
हिरवा दिवा लागला की सही घेतो.
मानेवाडा, बेसा, नंदनवन,
दिवसाला सात-आठ घरं,
मे महिन्यात गाडीच्या सीटवर आधी पाणी ओतायचं, मग बसायचं.

आणि प्रत्येक घर मी न विचारता सांगतं
पोराचं नाव, पुढे एक दोन तीन.

"स्पंदन वन टू थ्री!" मेंढे सर ओरडून सांगतात,
कूलरच्या आवाजावर, खाली दूधवाल्यालाही कळेल असं.
बँकेला तेच, विजेच्या बिलाला तेच, मेलला तेच.
"लक्षात राह्यते ना बाप्पा."
कुणी कूलरच्या पत्र्यावर खडूनं लिहिलेलं,
कुणी गॅसच्या पुस्तकावर,
एका घरी तर देव्हाऱ्याच्या आत चिकटवलेलं,
म्हणजे पाहारा देवाचा.

रात्री गच्चीवर पडतो तेव्हा
स्पंदन, ओवी, टायगर (हा कुत्रा), जानव्ही
डोक्यात जुडग्यासारखे वाजतात.
बापाजवळ अंगठा होता.
मी काय पुसू?

त्रिमूर्तीनगरात ढोमणे काकूंची तक्रार: नेट हळू.
काका रेल्वेतले, उजवी बाजू गेलेली, खाटेवर.
फ्रिजवर कॅमेरा, पोरीनं हैदराबादहून पाठवलेला,
खाटेकडे तोंड करून.
मी वायर तपासत होतो, आणि त्यानं मान वळवली.
हळूच. खाटेवरून दाराकडे.
"दुपारी असाच पाह्यते तो," काकू म्हणाल्या,
"पोरगी पाहून राहिली नं आम्हाले."
आणि हात हलवला.

मी पोरीला फोन लावायला लावला.
ती मीटिंगमध्ये होती, कुजबुजत म्हणाली,
"मी? आई, दिवाळीपासून उघडलाच नाही कॅमेरा."

काकूंचा हात
अजून खांद्याइतका वर होता.
मग त्या उठल्या, आणि काकांच्या पायांवर
चादर ओढली.
कूलर चालू होता. बाकी कुणी काही बोललं नाही.

मी प्लग काढला.
कारखान्यातून आलेलं नाव, कारखान्यातूनच आलेला पासवर्ड,
पाच अक्षरं, जगातल्या सगळ्या डब्यांना सारखी.
सगळं कोरं केलं. दुसरं कुलूप पोरीच्या मोबाईलवर बसवलं,
दर नव्या माणसाला तिथं विचारणा होईल असं.
"आता पासवर्ड टाका."
"काय टाकू रे?"
"मले सांगू नका. एकमेकांशी सोयरीक नसलेले चार शब्द घ्या.
पोरीचं नाव नको, काकांचंही नको."
त्या बराच वेळ छताकडे पाहत राहिल्या, मग एकदम हसल्या,
कशाला ते मला माहीत नाही.
मी खिडकीकडे तोंड फिरवलं.
समोरच्या गच्चीवर कुणीतरी कुरड्या वाळत घालत होतं.
मागे एका बोटाची टकटक,
मोजायची नाही असं ठरवूनही
एकोणीसपर्यंत मोजली गेली.

संध्याकाळी पोरीनं कॅमेरा उघडला, मान हलली.
काकूंनी हात हलवला नाही.
आधी फोन उचलला, विचारलं,
"तूच हायेस ना वं?"

घरी आलो. बाप आता चाव्या करत नाही, मोतीबिंदू.
"आज किती?" एवढंच विचारतो.
"सात," म्हटलं.
मग आमचा डबा भिंतीवरून काढून उलटा केला.
स्टिकर. जसा कारखान्यातून आला तसा.
त्याच्या कोपऱ्याखाली नख घातलं,
तर बाप म्हणाला, "थांब, अंगठ्यानं काढ."